कंठातले दप्तर

आंबेडकरी लोककवी वामन तबाजी कर्डक यांनी आपले पहिले गीत रचले ते १९४३ साली, आणि त्यांचा पहिला गीतसंग्रह ‘वाटचाल’ छापून निघाला तो १९७३ साली. मधल्या तीस वर्षांत ज्याची गाणी मुंबईच्या चाळींपासून निजामी अमदानीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातील वस्त्यांपर्यंत पोचली होती, त्याच्या नावावर ग्रंथालयाच्या नोंदवहीत एकही संग्रह नव्हता. जे काही होते ते गायन पार्ट्यांच्या हाताने उतरवलेल्या वह्यांत, मेळाव्यांच्या दारी विकल्या जाणाऱ्या पातळ चोपड्यांत, आणि या दोहोंहूनही अधिक, ज्यांना ती वही वा ती चोपडी वाचता येत नव्हती अशा श्रोत्यांच्या कंठात. त्यांच्या एकूण रचनांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. ज्या कवीचे दप्तर असे माणसामाणसांत वाटले गेलेले आहे, त्याची मोजदाद याहून काटेकोर होणे कठीणच आहे.

वामनदादांची जन्मशताब्दी २०२२ साली झाली. त्यांची जुनी गाणी आज पुन्हा ध्वनिमुद्रित होत आहेत, नव्या वाद्यमेळात, नव्या कंठांतून, कधी मूळ चालीवर आणि कधी सर्वस्वी निराळ्या चालीवर. आणि त्या नव्या आवृत्त्या मोबाइलवरून ज्या वेगाने पसरतात, तो वेग खुद्द वामनदादांच्या पायपिटीला कधी लाभला नव्हता. हे घडते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्या आनंदात, मूळ चाल आणि कवीचे नाव हरवण्याची, एक चिंता मिसळलेली आहे, आणि ती छत्रपती संभाजीनगरात जितकी तीव्रतेने जाणवते तितकी क्वचितच दुसरीकडे जाणवेल.

याचे कारण या शहराच्या इतिहासात आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसमुदाय लोटतो, तो केवळ एका संस्थेच्या नावाचा वाढदिवस साजरा करण्यासाठी येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जाळपोळीचे आणि हत्येचे जे अरिष्ट कोसळले, आणि त्या ठरावाची अंमलबजावणी नामविस्ताराच्या रूपाने व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, त्या जवळजवळ सोळा वर्षांचे स्मरण तेथे होत असते. प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुस्तकांचे गाळे लागतात, निळे झेंडे लागतात, निरनिराळ्या संघटनांचे मंच उभे राहतात आणि प्रत्येक मंचावरून गाणे चाललेले असते. ती गाणी एकमेकांत मिसळतात. एका मंचाचे धृपद दुसऱ्याच्या अंतऱ्यावर येऊन आदळते. आणि तरीही त्या कल्लोळात एखादे वामनदादांचे गीत सुरू झाले की रस्त्याने चालणारी, लेकरू कडेवर घेतलेली बाई आपसूक ओठ हलवू लागते, हे तेथे उभे राहून कोणालाही पाहता येईल.

हेच शहर दलित साहित्याच्या लिखित परंपरेचेही माहेर आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, नागसेनवनाच्या परिसरात खेड्यापाड्यांतून आलेली पहिली शिकती पिढी वाढली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी येथूनच ‘अस्मितादर्श’ चालवावयास घेतले. कवितेला नियतकालिक मिळाले, समीक्षक मिळाले, अभ्यासक्रमात जागा मिळाली. गाण्याला मात्र यांतले फार थोडे मिळाले. जे सभागृहात वाचले जाते ते साहित्य आणि जे मैदानात गायिले जाते ते प्रचार, अशी एक अलिखित वतनदारी आपल्या विद्वत्समाजाने मानली, आणि तिचा सर्वांत मोठा फटका वामनदादांना बसला असे माझे स्पष्ट मत आहे. वर्धा येथे १९९३ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा त्यांच्या गीतलेखनाला अर्धशतक पूर्ण झाले होते.

ते अर्धशतक सुखाचे नव्हते. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण गुरे राखण्यात, लाकडे विकण्यात आणि तमाशाच्या ढोलकीकडे कान लावण्यात गेले. शाळेचा उंबरा त्यांना लाभला नाही. पोटासाठी मुंबईस आल्यावर कोळसा वाहण्यापासून गिरणीतल्या कामापर्यंत मिळेल ती मजुरी त्यांनी केली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असता, हा तरुण साक्षर असेल अशा समजुतीने एका माणसाने त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखविण्याची विनंती केली. ते पत्र त्यांना वाचता आले नाही. त्या लज्जेने ते रडले, आणि देहलवी नावाच्या गुरुजींकडे जाऊन त्यांनी मुळाक्षरे गिरविली. जोडाक्षरे ते शिकले ती मुंबईच्या रस्त्यांवरील दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत. पहिली पत्नी सोडून गेली. मीरा नावाची मुलगी लहानपणीच मरण पावली. पुढे शांताबाईंशी विवाह झाला, पण घर म्हणावे असे स्थैर्य त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही, आणि आयुष्याचा कितीतरी भाग त्यांनी गावोगावी, कोणाच्या तरी ओसरीवर, कोणाच्या तरी ताटात काढला.

अक्षरओळख आणि पहिले गीत यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे या क्रमात ध्यानात घेण्याजोगे आहे. एरवी कवी वाचनातून घडतो. वामनदादांच्या बाबतीत कान आधी तयार झाला होता आणि लेखणी नंतर हाती आली. म्हणून त्यांच्या आरंभीच्या रचनांत ओळीची लांबी डोळ्याने मोजलेली नसते, श्वासाने मोजलेली असते. पहिले गीत हे त्या काळच्या एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर बेतलेले विडंबन होते, आणि कदाचित याच कारणाने ते गंभीर अभ्यासाचा विषय झाले नाही. वास्तविक चित्रपटाची चाल घेण्यामागे एक अत्यंत व्यवहारी शहाणपण होते. स्वरलेखन कोणालाच येत नव्हते, तालमीस वेळ नव्हता, गिरणीची पाळी सुटल्यावर जमणाऱ्या पाचसहा जणांना एका रात्रीत गाणे बसवावयाचे होते. अशा वेळी जी चाल कोपऱ्यावरच्या हॉटेलातील रेडिओने आधीच सर्वांच्या कानात पेरून ठेवली आहे, तिच्यावर नवे शब्द चढविले की अर्धे काम झाले. ऐकणाऱ्याचेही अर्धे काम होई, कारण सूर ओळखीचा असल्याने त्याचे सारे लक्ष शब्दांकडे लागे.

दूर अमेरिकेत वुडी गथ्री हा गायक-कवी त्याच सुमारास अगदी हेच करीत होता. प्रचलित भजनांच्या आणि जुन्या लोकगीतांच्या चाली उचलून तो त्यांवर विस्थापित शेतकऱ्यांची, संपकऱ्यांची गाणी रचीत असे. त्याचेही जीवन दैन्याने, बहिणीच्या आणि मुलीच्या अपघाती मृत्यूने आणि अखेरीस आईकडून आलेल्या असाध्य मेंदूविकाराने झाकोळलेले होते. परंतु १९४० सालच्या मार्च महिन्यात ॲलन लोमॅक्स या संग्राहकाने त्याला वॉशिंग्टनला नेऊन, तेथील राष्ट्रीय ग्रंथालयासाठी, गाण्यांसह त्याच्या आठवणीही सविस्तर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. गाणे कोठे सुचले, चाल कोणाची, तेव्हा पोटात अन्न होते की नव्हते, हे सर्व त्याच्याच तोंडून नोंदले गेले. आणि तरीही १९६७ साली तो वारला तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या कागदांत शेकडो गीते अशी निघाली की ज्यांची चाल कोणासच ठाऊक नव्हती. त्याच्या मुलीने ती गीते पुढे बिली ब्रॅग या इंग्रज गायकाकडे सोपविली आणि १९९८ साली त्यांतील काही नव्या चालींत ध्वनिमुद्रित झाली. तो संग्रह सुंदर आहे. परंतु तो ऐकताना शब्द गथ्रीचे आणि सूर परक्याचे, ही जाणीव मनातून जात नाही. आणि ज्यांच्या गीतांची चाल अजून जिवंत माणसांच्या स्मरणात आहे, अशा आपल्या कवीवर तो प्रसंग आपण केवळ दिरंगाईपायी का आणावा, असे वाटत राहते.

असा हानीचा प्रसंग खुद्द छत्रपती संभाजीनगरात एकदा येऊन गेलेला आहे. अठराव्या शतकातील कवी सिराज औरंगाबादी यांना कोवळ्या वयातच उन्मादाने गाठले. घरदार, वस्त्रपात्र यांची शुद्ध हरपून ते खुलताबादेस सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात भटकत, आणि त्या अवस्थेत त्यांच्या मुखातून फारसी पद्ये अखंड वाहत असत. ती कोणी उतरून घेतली नाहीत. पुढे शुद्धीवर आल्यावर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की ती पद्ये जर कागदावर आली असती तर त्यांचा एक भला मोठा दिवाण झाला असता. नंतरच्या काळातील उर्दू रचना त्यांच्या गुरुबंधूने संकलित केल्या म्हणून त्या उरल्या, आणि त्यांतील एक गझल आजही हिंदुस्थान-पाकिस्तानातील थोर गायक गातात. पण तारुण्याच्या त्या होरपळीतील पहिले काव्य खुलताबादच्या वाऱ्यावर गेले ते गेलेच. वली आणि सिराज या कवींच्या या नगरात ध्वनिमुद्रणाची सर्व साधने खिशात बाळगणाऱ्या पिढीने तीच हानी पुन्हा सोसावी, हे मला अक्षम्य वाटते.

गझलेचा उल्लेख मी केवळ स्थानिक अभिमानापोटी केलेला नाही. चित्रपटाच्या चालीपासून निघालेले वामनदादा पुढे रदीफ-काफियाच्या बांधणीवर असे प्रभुत्व मिळवते झाले की अनुयायांच्या निष्ठेची झाडाझडती घेणारे त्यांचे सुप्रसिद्ध गीत आनंदकंद वृत्तात, एका अक्षराचीही ओढाताण न होता, पायरीपायरीने चढत जाते. ज्याने दुकानांच्या पाट्यांवरून जोडाक्षरे शिकली त्याने हे कोठून आणले, याचे उत्तर कव्वालीच्या फडात सापडते. आंबेडकरी गायन पार्ट्यांमध्ये समोरासमोर बसून सवाल-जबाब करण्याची, रात्र रात्र चालणाऱ्या सामन्यांची मोठी परंपरा होती. प्रतिपक्षाने टाकलेला काफिया तेथल्या तेथे उचलावा लागे; चुकला तर हजारो लोकांपुढे माघार घ्यावी लागे. ही पाठशाळा कोणत्याही महाविद्यालयाहून कडक होती. उद्योगपतींना नावे घेऊन, या देशाच्या धनात आमचा हिस्सा कोठे आहे असा जाब विचारणारे त्यांचे गीत आज आपण पुस्तकात वाचतो तेव्हा त्यातील प्रश्नांची सरबत्ती आपणास अलंकार वाटते. पण ती सरबत्ती मुळात फडाची, समोरच्याला उसंत न देण्याची रीत आहे.

या परंपरेची मुळे सत्यशोधक जलशांत आहेत, आणि आंबेडकरी जलशाचे एक आद्य प्रवर्तक शाहीर भीमराव कर्डक हे वामनदादांप्रमाणेच नाशिककडचे. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे ३० डिसेंबर १९३८ रोजी, निजामाच्या हुकुमतीच्या सीमेवर, भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने जी दलित परिषद भरली आणि जिचा वर्धापन दिन आजही त्या टेकडीवर पाळला जातो, तिच्यासारख्या मेळाव्यांची वार्ता निरक्षर मुलखात नेण्याचे काम वर्तमानपत्राला अशक्यच होते. ते गाण्याने केले.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. जलशातील गाणे कधीच ठरीव लांबीचे नसे. धृपद झाले की गायक थांबे, गावात काल काय घडले ते सांगे, पाणवठ्याचा किंवा पाटलाच्या अरेरावीचा दाखला देई, मग त्याला जोडून अंतरा घेई. श्रोते पेटले आहेत असे दिसले तर एखादे कडवे जागच्या जागी नवे जोडी. जुन्या तबकडीने या गाण्यावर तीन-साडेतीन मिनिटांची मुदत घातली. १९८० च्या दशकात कॅसेटने ही मुदत सैल केली आणि भीमगीतांचे भाग्य खरोखर उजळले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे कंठ घराघरांत गेले, आणि ज्यांच्या दारी कधी ग्रामोफोन आला नव्हता त्यांच्या झोपडीत टेपरेकॉर्डर वाजू लागला. पण कॅसेटवर गायकाचे छायाचित्र मोठे आणि कवीचे नाव बारीक असे. आणि कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर नक्कल होताना वेष्टन मागे राही आणि ते बारीक नावही जाई.

वामनदादांनी आपल्यापरीने त्यावर तोड काढली होती. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव गुंफावे त्याप्रमाणे त्यांनी गीताच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही मुद्रा गुंफली. शासनदरबारी ज्याचा एक कागद नाही त्याने आपली सनद अशी गाण्याच्या अंगातच कोरून ठेवली होती. जोवर गाणे पूर्ण गायिले जाते तोवर कवी त्यात सुरक्षित असतो. नव्या ध्वनिमुद्रणात मात्र गाणे लहान करावयाचे ठरले की कात्री स्वाभाविकपणे शेवटाकडे वळते, आणि शेवटाचे कडवे गेले की त्या गीतातून वामनदादा जातात. पुढच्या पिढीला ते ‘पारंपरिक’ म्हणून मिळते. ज्या माणसाने विशीत अक्षरे गिरविली, त्याला मरणोत्तर असे निनावी करणे हा अन्याय आहे, मग तो कितीही नकळत होवो.

नव्या काळाने काही उत्तम गोष्टीही केल्या आहेत, आणि त्यांतील एक याच शहरातली आहे. कडूबाई खरात एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांतून भीमगीते गात, त्यावर संसार रेटत. कोणीतरी मोबाइलवर त्यांचे गाणे टिपले आणि बघता बघता तो आवाज महाराष्ट्रभर झाला. त्यानंतर त्यांची गाणी रीतसर वाद्यमेळासह ध्वनिमुद्रित झाली. परंतु मला स्वतःला ती पहिली, उघड्यावर टिपलेली चित्रफीतच अधिक मोलाची वाटते. एकतारीची एकच तार, तिच्यावर चढलेला, शिक्षणाने न गुळगुळीत केलेला खडा कंठ, मागे वस्तीचा आवाज. त्यात लपविण्यास जागा नाही. विद्यापीठामागच्या डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत त्यांपैकी सातव्या लेण्याच्या गर्भगृहात एका नर्तिकेभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. सहाव्या-सातव्या शतकाच्या त्या शिल्पकाराने बुद्धाच्या सन्निध गाण्यावाजविण्याला स्थान दिले. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या शहरात एका एकट्या बाईने एकतारीवर उभे राहावे, याचा मला अभिमान वाटतो.

सर्वांचे असे निभावत नाही. विलास घोगरे हे मुंबईचे शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. डाव्या चळवळीत त्यांनी आयुष्य वेचले. ज्या सांस्कृतिक मंचासाठी ते गात होते तेथून त्यांना दूर व्हावे लागले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली, आणि चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, घोगऱ्यांनी गळफास घेतला. मरताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. पटवर्धनांनी त्यानंतर चौदा वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला, आणि घोगऱ्यांचा आवाज, त्यांचे कुटुंबीय, त्यांच्यामागून आलेले शाहीर हे सर्व त्यात एकत्र नोंदले गेले. एका कवीच्या गाण्याकडे त्याच्या मृत्यूनंतर किती निष्ठेने परतता येते, याचे इतके मोठे उदाहरण आपल्याकडे मला दुसरे दिसत नाही. त्यातील गाणे आपण नुसते ऐकत नाही. ते कोणत्या घरात, कोणत्या छताखाली, कोणत्या दुःखाच्या शेजारी निर्माण झाले हे पाहतो.

वामनदादांनी स्वतः आयुष्याच्या उत्तरार्धात मागे वळून पाहिले होते. ‘मोहळ’ १९७६ साली, ‘हे गीत वामनाचे’ १९७७ साली आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ १९९६ साली निघाले; ते १५ मे २००४ रोजी नाशिक येथे निवर्तले. छापील पानांनी शब्द राखले आहेत. चाल पानावर राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहता लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा स्वामित्वहक्क अबाधित असतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरील हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत चालेल. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातील वाटाही कायद्याने पक्का केलेला आहे. तेव्हा जो कोणी ही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करील त्याने कवीचे नाव पहिल्याने घ्यावे आणि त्याच्या वारसांची अनुमती घ्यावी, ही उपकाराची बाब नसून हिशेबाची आहे.

ही गाणी चालींसह नोंदवून ठेवण्याचे काम कोठून सुरू करावे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. विद्यापीठाचे मराठी आणि नाट्यशास्त्र हे विभाग त्यास समर्थ आहेत. वामनदादांच्या मागे कोरसात उभे राहिलेले, त्यांना ढोलकीची साथ केलेले लोक आज सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांच्याकडे आधी जावे. त्यांच्यापाशी असलेल्या वह्यांची छायाचित्रे काढावीत. प्रत्येक गीत सर्व कडव्यांसह, मुद्रेच्या कडव्यापर्यंत, वाद्यांच्या गर्दीशिवाय एकदा म्हणवून घ्यावे. चाल ज्या चित्रपटगीतावरून आली असेल त्याचे नाव टिपून ठेवावे. आणि एकाच गीताचे दोन गावांत दोन पाठ मिळाले तर त्यांतला एक खरा ठरविण्याची घाई न करता दोन्ही ठेवावेत, कारण कवीने स्वतःच त्या दोन गावांत ते दोन परींनी गायिले असण्याचा संभव मोठा आहे. नवे वाद्यमेळ, नवे गायक, नवे संगीत यांचे दिवस त्यानंतरही आहेतच, आणि ते जरूर यावेत. आरंभ मात्र १९४३ च्या जवळपासच्या गाण्यांपासून व्हावा, कारण ती ज्यांनी समक्ष ऐकली त्यांची पिढी जवळजवळ गेली आहे, आणि ती ज्यांनी त्यांच्याकडून ऐकली ते लोक अजून मराठवाड्याच्या आणि नाशिकच्या खेड्यांत भेटू शकतात.